उपचार सुरू असताना लग्नाचा वाढदिवस बाहेरगावी साजरा करायचा असेल तर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही पुण्याहून गणपतीपुळ्याला गेलो, तेव्हा माझ्या पत्नीच्या ठरलेल्या सहा केमोंपैकी चार झालेल्या होत्या. त्याआधी आम्ही दरवर्षी या सुमारास कुठे ना कुठे जात असू आणि तयारी म्हणजे दोन बॅगा भरणे एवढीच असे. या वेळी मात्र कोणाला काय विचारायचे हेच कळत नव्हते. डॉक्टर आजाराबद्दल सांगत, प्रवास कंपन्या पॅकेजबद्दल सांगत आणि या दोहोंमधला भाग आम्हाला चुका करत शिकावा लागला. त्यानंतरचे तीन वाढदिवसही आम्ही असेच बाहेर साजरे केले. जी जोडपी पहिल्यांदाच अशा प्रवासाचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी तो मधला भाग इथे क्रमाने लिहितो आहे. माझा अनुभव कर्करोगाचा असल्यामुळे बहुतेक उदाहरणे केमोथेरपीची आहेत. डायलिसिसवर किंवा ऑक्सिजनवर असलेल्यांसाठी जे वेगळे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

पहिले काम: ज्याचा आजार आहे त्याला विचारणे

हे इतके उघड वाटते की बहुतेक घरांत ते राहूनच जाते. मुले आईबाबांना भेट म्हणून परस्पर बुकिंग करतात, नातेवाईक “जाऊन या, बरे वाटेल” असे म्हणतात आणि आजारी माणूस सगळ्यांचे मन राखण्यासाठी होकार देतो. अनपेक्षित भेट म्हणून ठरवलेली सहल या काळात नकोच. केमोनंतरचे पहिले तीन-चार दिवस टाळून, जेव्हा जेवण जाऊ लागलेले असते आणि झोप बरी लागलेली असते, अशा एखाद्या सकाळी दोघांनीच बसून बोलावे. जायचे का हे तर विचारावेच, पण तिथे जाऊन नेमके काय करावेसे वाटते हेही विचारावे. मी किल्ला, मंदिर, मालवणपर्यंतची फेरी असा चार दिवसांचा आराखडा कागदावर मांडून ठेवला होता. तिने तो वाचला आणि म्हणाली, “अहो, मला काही बघायचं नाहीये. समुद्राचा आवाज ऐकत दुपारी झोपायचंय.” त्या एका वाक्याने निम्मा आराखडा गळाला आणि जो उरला तोच योग्य ठरला.

तारीख कशी ठरवावी

आपल्याकडे एका लग्नाच्या वाढदिवसाला बऱ्याच घरांत मुळातच दोन दिवस असतात. घरातली वडील माणसे तिथीने औक्षण करतात आणि आपण तारखेने केक आणतो. त्यात तिसऱ्या दिवसाची भर घालायला कोणाची हरकत नसावी, आणि हा तिसरा दिवस उपचारांच्या वेळापत्रकातून काढायचा असतो.

स्तनाच्या कर्करोगासह अनेक कर्करोगांत केमो दर २१ दिवसांनी दिली जाते. औषध शरीरात गेल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका सर्वाधिक असतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, थकवा आणि तोंड येण्याचा त्रास असतो. म्हणजे प्रवासाला उरतो तो तिसरा आठवडा, ज्यात पेशी पुन्हा वाढलेल्या असतात आणि पुढची केमो अजून आलेली नसते. आमचा वाढदिवस नेमका पाचव्या केमोच्या पाठोपाठ येत होता, म्हणून आम्ही आठवडाभर आधीच तो साजरा केला. काही औषधे दर आठवड्याला, तर काही दर १४ दिवसांनी देतात आणि गोळ्यांच्या केमोचे चक्र आणखी वेगळे असते, त्यामुळे आपला बरा आठवडा कोणता हे आपल्याच डॉक्टरांकडून कॅलेंडरवर खूण करून घ्यावे.

डॉक्टरांना “जाऊ का?” एवढेच विचारले तर उत्तरही “हो” किंवा “नको” एवढेच मिळते. त्याऐवजी प्रश्न लिहून न्यावेत. निघण्याच्या किती दिवस आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करायची आणि पांढऱ्या पेशी, प्लेटलेट व हिमोग्लोबिन किती असतील तरच निघायचे? ताप आला तर कोणाला, कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? रात्री तो फोन कोण उचलते? आणि पुढची केमो एक-दोन दिवस पुढे ढकलण्याविषयी त्यांचे मत काय? या शेवटच्या प्रश्नात एक सावधगिरी हवी: सहलीसाठी केमो पुढे ढकलण्याची विनंती आपण होऊन करू नये, डॉक्टरांनी स्वतः “चालेल” म्हटले तरच त्याचा विचार करावा.

डायलिसिसवर असलेल्यांचा हिशेब वेगळा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस होत असल्याने एकतर दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत छोटा प्रवास करायचा किंवा जिथे जायचे तिथल्या केंद्रात जागा आधी पक्की करायची. त्यासाठी हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल, कोरडे वजन (अंगातले जादा पाणी काढल्यानंतरचे वजन) आणि मागच्या काही डायलिसिसची नोंद बहुतेक केंद्रे मागतात. हे जमवायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

ठिकाण निवडताना

माझ्या मते ठिकाण निवडण्याची पहिली कसोटी सौंदर्य ही नसून, रात्री दोन वाजता ताप आला तर अँटिबायोटिकची सलाईन लावू शकेल असे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, ही आहे. आम्ही तासाभराची मर्यादा ठरवली होती. गणपतीपुळे आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरीपासून साधारण २५ किलोमीटरवर आहे आणि रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे. म्हणून ते आमच्या यादीत राहिले. माथेरानवर माझे मन होते, पण तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापाशी गाडी सोडावी लागते आणि पुढे वेळेला हाताशी आपले वाहन नसते, म्हणून ते सोडले. ज्या जागी होडीतूनच पोहोचता येते अशा जागाही याच कारणाने बाजूला ठेवाव्यात.

उंचीचा विचार फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी जास्त करावा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे त्रास झालाच तर तो बहुधा उंचीपेक्षा पसरणीच्या घाटातल्या वळणांचा असतो. लेह मात्र ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे धडधाकट माणसालाही धाप लागते, तेव्हा त्याचा विषय या काळात काढू नये.

आणि एकाच ठिकाणी राहावे. तीन रात्री, एक खोली. रोज बॅगा भरून पुढच्या गावी निघण्यात निरोगी माणसाचीही बरीच शक्ती जाते आणि इथे ती शक्ती मोजून वापरायची असते.

प्रवास कशाने करावा

पुण्याहून रत्नागिरीला कोल्हापूरमार्गे मोटारीने जाता येते, पण मग आंबा घाट लागतो. केमोच्या उलटीवर दिलेली गोळी घाटातल्या उलटीवर लागू पडेलच असे नाही, त्यामुळे घाट असेल तर त्यासाठी वेगळी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. आम्ही पनवेलपर्यंत मोटारीने आणि पुढे कोकण रेल्वेने गेलो, आणि ते फार बरे झाले. गाडीत उठून चालता येते, स्वच्छतागृह जवळ असते आणि पाय लांब करता येतात. कर्करोगात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून एका जागी तासन्‌तास बसणे टाळायचे असते. तासातासाने चार पावले चालावे, घोट घोट पाणी पीत राहावे. प्रवासात किंवा नंतर एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, किंवा अचानक दम लागला, तर ते प्रवासाच्या शिणावर न ढकलता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

रेल्वेच्या सवलतीबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्याला मिळणारी तिकिटातली सवलत उपचारासाठी किंवा नियमित तपासणीसाठी केलेल्या प्रवासापुरती आहे, सहलीसाठी ती वापरता येत नाही. तेव्हा पूर्ण भाडे गृहीत धरूनच खर्च मांडावा. आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते आणि आपला बरा आठवडा कधी कधी त्याहूनही उशिरा स्पष्ट होतो. आम्ही अंदाजाने लवकर आरक्षण केले आणि रद्द करावे लागले तर जाणारे पैसे खर्चातच धरून ठेवले. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास परतावा मिळत नाही, म्हणून तो मार्ग अगदी शेवटचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्यांचा वेगही कमी केलेला असतो, हेही लक्षात ठेवावे. चाकाच्या खुर्चीची गरज असेल तर स्थानकावर स्टेशनमास्तरांच्या कार्यालयात आधी कळवावे आणि तरीही अर्धा तास हाताशी ठेवून पोहोचावे.

विमानाने जायचे असेल, विशेषतः परदेशी असलेल्या मुलांकडे, तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. उडत्या विमानातला हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका खाली येऊ शकतो, त्यामुळे ज्यांना दम लागतो किंवा ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांच्यासाठी विमान कंपनी डॉक्टरांनी भरलेला ‘मेडिफ’ अर्ज मागते. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही; हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे, बॅटरीवर चालणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र कंपनीची आधी परवानगी घेऊन नेता येते. दुसरी गोष्ट वेदनाशामकांची. मॉर्फिनसारखी औषधे संयुक्त अरब अमिरातीसह काही देशांत पूर्वपरवानगीशिवाय नेणे गुन्हा ठरू शकते. आखातात मुले असलेल्या कुटुंबांनी तिकिटाच्याही आधी ही परवानगी पाहावी.

खोली ठरवताना

इथे आमची सर्वांत मोठी चूक झाली. संकेतस्थळावरची चित्रे पाहून मी खोली घेतली आणि फोनवर “तळमजल्यावर द्या” असे सांगितलेही होते. पोहोचल्यावर दुसऱ्या मजल्याची किल्ली हातात दिली गेली. उद्वाहक नव्हता. तिने कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत तो जिना चढला आणि पहिली सगळी संध्याकाळ झोपून काढली. तेव्हापासून मी या गोष्टी लेखी मागतो: तळमजला किंवा लिफ्ट, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, न्हाणीघरात न घसरणारी फरशी, गरम पाणी, वीज गेल्यास जनरेटर, खोलीत छोटा फ्रीज आणि रात्री फाटक उघडायला कोणीतरी असणे. रात्री फाटक उघडण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, पण कोकणातल्या घरगुती निवासांत दहानंतर सामसूम होते आणि मालकांना आधी सांगून ठेवलेले असले की तेच सर्वांत जास्त धावून येतात. आजाराबद्दल मालकांना सांगण्याचा संकोच आम्ही दुसऱ्या वर्षी सोडला.

बॅगेत काय हवे

कागद आधी. निदानाचा अहवाल, केमोच्या औषधांची नावे व शेवटची तारीख, ताजी सीबीसी, ॲलर्जी आणि डॉक्टरांचे पत्र यांची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवावी. सगळे मोबाईलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एका रात्री एका लहान दवाखान्यात मोबाईलची बॅटरी संपलेली असताना मला औषधांची नावे आठवेनात, आणि तो अर्धा तास मी अजून विसरलेलो नाही.

औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त घ्यावीत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह, आणि ती नेहमी हातातल्या पिशवीत असावीत. पांढऱ्या पेशी वाढवणारी किंवा इन्सुलिनसारखी इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असतात. ती थर्मासमध्ये नेताना बर्फाला थेट चिकटू देऊ नयेत, कारण गोठलेले औषध वाया जाते. डिजिटल थर्मामीटर, मीठ-साखरेची पाकिटे, हात धुण्याचा साबण, मास्क, उलटीसाठी जाड पिशव्या आणि घट्ट बसणारे, पुढून बंद असलेले बूट.

बुटांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. काही केमोंमुळे तळपायांना मुंग्या येतात किंवा बधिरता येते आणि अनवाणी वाळूत चालताना शिंपला लागला तरी कळत नाही. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात, तेव्हा तापलेली वाळू तर मुळीच नको. ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध घेणाऱ्यांना डोस झाल्यावर काही दिवस थंड पाण्याच्या स्पर्शानेही बोटांत आणि घशात कळा येतात. त्यांच्यासाठी बर्फाचे सरबत आणि गाडीतला थेट अंगावर येणारा एसी दोन्ही टाळावेत. बऱ्याच औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून समुद्र पाहायची वेळ सूर्योदयानंतरचा तास आणि मावळतीच्या आधीचा तास. दंडात पिक लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर ती समुद्राच्या पाण्यात भिजू देऊ नये. गणपतीपुळ्याचा समुद्र तसाही पोहायला धोक्याचा आहे, त्यामुळे आम्ही काठावर खुर्च्या टाकूनच बसलो.

खाणे

साधा नियम असा की जे आपल्यासमोर उकळले, शिजले किंवा आपण स्वतः सोलले तेच खावे. गरम भात, वरण, ताजी भाकरी, नीट शिजलेला मासा चालतो. कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे, रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फ आणि अर्धवट शिजलेली कालवे किंवा तिसऱ्यांसारखे शिंपल्यातले मासे नकोत. सोलकढी नाकारताना जीव तुटतो, पण तिच्यातले नारळाचे दूध न उकळलेले असते आणि पाणी कुठले हे आपल्याला माहीत नसते. आमच्या निवासाच्या वहिनींनी उकळून गार केलेल्या पाण्यात, समोर नारळ फोडून वाटीभर करून दिली. डॉक्टरांनी पेशी चांगल्या आहेत असे सांगितलेले होते म्हणून तिने ती घेतली. तोंड आलेले असेल तर कोकणी तिखट सोसत नाही, ते आधीच सांगून ठेवावे.

तिथला दिवस

दिवसातून एकच गोष्ट ठरवावी आणि तीही सकाळी उठल्यावर तिला विचारून. एके दिवशी आम्ही देवळात गेलो. तिथे डोंगराभोवती सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा असते. ती मी एकट्याने घातली आणि पत्नी मंडपात बसून राहिली. मंदिरातली गर्दी पाहूनच वेळ ठरवावी, संकष्टीचा आणि अंगारकीचा दिवस टाळावा. बाकीचा वेळ खिडकीपाशी गेला. दुपारी दोन तास झोप, संध्याकाळी वाळूच्या कडेला अर्धा तास. फोन करून अभिनंदन करणाऱ्यांना मुलीने आधीच सांगून ठेवले होते की संदेश पाठवा, फोन नको, कारण प्रत्येक फोनवर “आता तब्येत कशी आहे” याचे उत्तर पुन्हा पुन्हा देण्यातच ती थकून जात असे.

हे झाले तर थांबू नये

ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, किंवा त्याहून वर गेला तर सकाळची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे. डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण ताप उतरलेला दिसतो आणि आजार मात्र वाढत राहतो. पोहोचल्यावर नाव सांगण्याच्याही आधी “केमो सुरू आहे आणि ताप आहे” हे वाक्य सांगावे. अशा रुग्णाला तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. हुडहुडी, न थांबणारे जुलाब किंवा उलट्या, नाकाहिरड्यांतून रक्त, गोंधळल्यासारखे बोलणे यांनाही हाच नियम लागू आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्तीत ११२ हे क्रमांक आहेत, चालत्या रेल्वेत मदतीसाठी १३९. पोहोचल्याच्या दिवशी, उजेड असताना, जवळच्या रुग्णालयाचा रस्ता एकदा गाडीने जाऊन पाहून घ्यावा. मी तो दरवेळी पाहतो.

सोबत जाणाऱ्यासाठी

गाडी चालवणे, औषधांच्या वेळा, सामान, जेवणाची व्यवस्था आणि रात्रीची जाग हे सगळे एकाच माणसाने केले तर तिसऱ्या दिवशी तो चिडचिडा होतो. मी झालो होतो, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाच्या सहलीत तिच्याशी तुटकपणे बोललो. त्यानंतर आम्ही चालक घेऊ लागलो आणि एका वर्षी मेहुणा व त्याची पत्नी शेजारच्या खोलीत राहिली. खर्च वाढतो हे खरे, पण तो ठिकाण जवळचे निवडून भरून काढता येतो.

सीबीसी मनासारखी आली नाही तर जाणे रद्द करावे आणि त्याबद्दल रुग्णाने कोणाची माफी मागू नये याची काळजी सोबत्याने घ्यावी. दुसऱ्या वर्षी आमचे असेच झाले. खोलीचे पैसे गेले. आम्ही गच्चीत सतरंजी टाकून बसलो आणि सहल दोन महिन्यांनी केली.

परतल्यावर

घरी आल्यावर पुढच्या केमोपूर्वीच्या तपासणीत, प्रवासात झालेला प्रत्येक लहान त्रास डॉक्टरांना सांगावा, पोट बिघडले असेल किंवा पायाला खरचटले असेल तरीही. आणि त्याच आठवड्यात एका वहीत दोघांनी मिळून लिहून ठेवावे की काय कमी पडले आणि काय उगीच नेले. आमच्या वहीत गणपतीपुळ्याच्या पानावर तिच्या अक्षरात “उशी घरची न्यावी” असे लिहिलेले आहे, आणि तेव्हापासून ती उशी प्रत्येक प्रवासात मागच्या सीटवर असते.